बेथलेहेमकडं राहायला जाताय? आधी टाकी वाजवायला शिका

आमच्या यवतमाळकडच्या चर्चच्या मंडळीतली एक पोरगी तीन महिन्यांसाठी तिकडं जातो म्हणते. सिस्टर, काय काय न्यायचं, असं विचारत होती. मी २०१५ मध्ये सप्टेंबर ते नोव्हेंबर पॅलेस्टाईनमधल्या बेथलेहेमला लागून असलेल्या बेत साहूर गावात एका ख्रिस्ती कुटुंबाच्या वरच्या खोलीत राहिले, म्हणून मलाच विचारतात. सामानाचं राहू द्या. आधी पाणी.

तिथं प्रत्येक स्लॅबवर काळ्या टाक्या दिसतील. उन्हाळ्यात नळ आठवडे-आठवडे येत नाही, आला की भरून ठेवायचं. गावाकडं मी गुंडभर पाण्यात अंघोळ उरकणारी, पण परदेश म्हटल्यावर नळाला पाणी असणारच असं धरून चालले. पहिल्याच आठवड्यात भळाभळा कपडे धुतले. संध्याकाळी खालचा नळ कोरडा. घरमालकीण रागावली नाही. मला वर नेलं अन् बोटांच्या पेरांनी टाकी वाजवून दाखवली. वर ठणठण, गुडघ्याजवळ आवाज बसका. तेवढंच उरलेलं. वैशाखात आपण कोठी अशीच तर वाजवतो, बाप्पा! तेव्हापासून कपडे धुतलेलं पाणी संडासला, भाज्यांचं लिंबाच्या झाडाला.

हाक मारायची रीत आपल्यासारखीच. आपण 'गणेशची माय' म्हणतो, तिकडं थोरल्या पोराच्या नावानं 'उम्म हन्ना', बाप 'अबू हन्ना'. आपल्या बायबलात हन्ना ही शमुवेलची आई. तिकडं हन्ना म्हणजे योहान, चांगला मिशावाला. मला आठवडाभर हसू यायचं. जेवण झाल्यावर रांधणारीला 'यिस्लमू ईदेकी' म्हणा, तुझे हात सलामत राहोत. ख्रिस्ती लोकही प्रार्थनेत 'अल्लाह'च म्हणतात, दचकू नका. आणि 'तुम्ही ख्रिस्ती कधी झालात?' हे चुकूनही विचारू नका. आपल्याला गावात हाच प्रश्न विचारतात तेव्हा कसं वाटतं? त्यांच्याकडं तर घरापासून चालत जाण्याइतक्या अंतरावर मेंढपाळांचं शेत आहे, येशूच्या जन्माची बातमी देवदूतानं मेंढपाळांना दिली म्हणतात ते.

कोणाकडं मयत असेल तर जा. बिनसाखरेची काळी कॉफी येईल. कडू लागली तरी प्या.

जेरुसलेमच्या वाटेवर इस्रायलचं ३०० नंबरचं नाकं आहे. तिथले लोक 'हाजिज' म्हणतात. मी होते तेव्हा, २०१५ मध्ये, पहाटे चारला इस्रायलात कामाचा परवाना असलेल्या मजुरांची रांग लागलेली असायची, हातात भाकरीची पिशवी. माझा पासपोर्ट पाहून शिपाई पटकन सोडायचा, रांगेतल्या गवंड्याला मात्र अडवायचा. म्हणून रांग मोडून पुढं घुसू नका. शिपायाशी वाद घालू नका, त्याचा फोटो काढू नका. तुम्ही निघून जाता, राग गवंड्यावर निघतो.

२०१५ च्या त्या ऑक्टोबरात बेथलेहेमातल्या हेब्रोन रस्त्यावर जवळपास रोज दगड अन् अश्रुधूर. बाहेर पडण्याआधी घरच्यांना रस्ता विचारा. त्यांच्या फोनवर सगळं आलेलं असतं. धूर आला तर खिडक्या लावा, दाराखाली ओला टॉवेल कोंबा. डोळे चोळू नका, थंड पाण्यानं भरपूर धुवा, कपडे दाराबाहेरच काढा. कोणी कांदा हुंगायला देईल. औषध नाही ते, पण मायेनं देतात, घ्या.

जैतूनच्या (ऑलिव्हच्या) तोडणीला मात्र नक्की जा. झाडाखाली चादर पसरायची अन् फांदीवरून बोटं ओढत दाणे खाली पाडायचे, गाय पिळल्यासारखं. कापूस वेचणाऱ्या हाताला हे दुपारपर्यंत जमतं. मला ओटी बांधलेली पाहून बायका हसल्या, दुसऱ्या दिवशी दोघींनी बांधली. इस्रायलनं बांधलेल्या भिंतीपलीकडं किंवा इस्रायली वसाहतीजवळ शेत असेल तर तेव्हा लष्कर ठरावीक दिवसच जाऊ द्यायचं. त्या दिवशी ताप असला तरी माणसं जायची. तेलाच्या घाण्यावर ताजं तेल अन् गरम भाकरी मिळते. तेल घशाला जरा झोंबतं, तेच चांगलं.

सामान? औषधं, टॉर्च, जाडी चप्पल. कोणाच्या घरी मिठाई न्या, रिकाम्या हातानं जाऊ नका.

परत आल्यावर घरमालकिणीला फोन करत राहा. मी आधी टाकीचं विचारते. ती माझ्या विहिरीचं.