एकच बटण, दोन दिवे: दाबलं की आलटून पालटून

सीडी ४०१३ आयसी (१४ पायांची चिप, पाय म्हणजेच पिन) घ्या, ठाण्यात नाहीच मिळाला तर दादरला गाडी बदलून ग्रँट रोड, तिथून लॅमिंग्टन रोड, म्हणजे मुंबईचा इलेक्ट्रॉनिक्स बाजार, चालत. सोबत ब्रेडबोर्ड (सोल्डरिंगशिवाय भाग खोचायची पट्टी), एक लाल आणि एक हिरवा एलईडी, २.२ के (किलो-ओहम) चे दोन रेझिस्टर, एक १०० के, ०.१ मायक्रोफॅरड कपॅसिटर, पुश बटण आणि ९ व्होल्टची बॅटरी.

१४ नंबर पिनला प्लस, ७ ला मायनस. २ आणि ५ नंबर पिन वायरने जोडा, सगळी जादू इथेच आहे, कारण २ वर नेहमी १ च्या उलटं असतं (एक चालू तर दुसरा बंद) आणि दर क्लिकला तेच उलटं १ वर येऊन बसतं. १ आणि २ वरून प्रत्येकी एक २.२ के, पुढे एलईडी, त्याचा आखूड पाय मायनसला.

बटण प्लस आणि ३ च्या मध्ये, ३ वरून १०० के आणि कपॅसिटर दोन्ही मायनसला. कपॅसिटर प्लीज गाळू नका, बटणाचे पत्रे दाबताना थरथरतात, आयसी एकाच दाबाला चार समजतो आणि मग कुठला दिवा लागेल नेम नाही.

४, ६, ८, ९, १०, ११ सगळे मायनसला, मोकळे सोडायचे नाहीत. घरच्या २३० व्होल्टला हे थेट लावायचं नाही, अजिबात नाही.