बॉबिन लेस: पहिली फीत आणि जुन्या पुस्तकांची पारख

क्रोशा येणारी कुणी बॉबिन लेस शिकायला आली, की मी आधी तिची सुई बाजूला ठेवायला लावते. इथे विणणं म्हणजे उशीवर रोवलेल्या टाचण्यांभोवती दोरे एकमेकांवरून टाकणं. तामिळनाडूतल्या नागरकोइल भागात मिशनरी बायकांनी एकोणिसाव्या शतकात ही लेस रुजवली. आपल्याकडे सांगलीत मात्र सामानापासून जुळवाजुळव करावी लागते.

उशी दगडासारखी कडक हवी. कापसात टाचणी डुलते. लाकडाच्या वखारीतून बारीक भुसा आणा, चाळा, मांजरपाटाच्या पिशवीत ठासून भरा आणि वरून गडद सुती कापड चढवा. बॉबिन, म्हणजे दोरा गुंडाळायच्या लाकडी काड्या, कातारी करून देईल. नाहीतर पेन्सिलीएवढ्या जाडीच्या, बोटभर लांब काड्यांना वरच्या टोकाशी खाच पाडली तरी भागतं. दोरा २० नंबरचा, क्रोशाचाच.

पहिली फीत सहा जोड्यांची, म्हणजे बारा बॉबिनची करा. आलेख कागदावर एक सेंटिमीटर अंतराने दोन उभ्या ओळी आखा. दर चार मिलिमीटरला ठिपका, पण डावीकडचा ठिपका उजवीकडच्या दोन ठिपक्यांच्या मधोमध यायला हवा. कागद पुठ्ठ्यावर चिकटवून ठिपक्यांना सुईने भोकं पाडा आणि पुठ्ठा उशीवर पक्का करा. एका जोडीला रंगीत दोरा घ्या, कारण तीच आडवी फिरणार आहे. बाकीच्या पाच जोड्या उभ्या लोंबतील.

आता दोन जोड्या, म्हणजे चार दोरे, समोर धरा. डावीकडून एक ते चार असे आकडे मोजा. आकडा जागेचा आहे, दोऱ्याचा नाही. दर हालचालीनंतर मोजणी पुन्हा डावीकडूनच. दुसरा तिसऱ्यावरून टाका. मग दुसरा पहिल्यावरून आणि चौथा तिसऱ्यावरून. पुन्हा दुसरा तिसऱ्यावरून. झाला कापडी टाका. रंगीत जोडी एक जोडी ओलांडून पुढे गेलेली दिसेल. पाचही जोड्या ओलांडल्या, की रंगीत जोडीला दोन पीळ द्या, तिच्या आतल्या बाजूला टाचणी रोवा आणि टाचणीला वळसा घालून परत या. टाचणीचं डोकं किंचित बाहेर झुकू द्या, म्हणजे दोरा वर सरकत नाही. मागच्या टाचण्या काढायची घाई नको. चांगली वीतभर फीत होऊ दे.

हात बसला की जुनी पुस्तकं बोलायला लागतात. १५५७ साली व्हेनिसमध्ये छापलेल्या लेसच्या पुस्तकात नुसते नमुनेच आहेत, कृती नाही. वाचणारीला टाके येतात हे गृहीतच धरलेलं. तेरेझ द दिलमाँचा १८८६ चा भरतकाम-विणकामाचा कोश मात्र उशी, बॉबिन, टाके सगळं सांगतो. इंग्रजी अनुवाद इंटरनेटवर फुकट मिळतो, म्हणून फक्त वाचायला महागडी प्रत घेऊ नका.

रद्दीवाल्याकडे भरतकामाचं पुस्तक सापडलं, तर मी आधी मागच्या पुठ्ठ्याचा खिसा उघडते. घडी घातलेला नमुन्यांचा कागद तिथे असायला हवा, पण बहुतेक वेळा हरवलेला असतो. तो नसेल तर निम्म्या किमतीलाही घेऊ नये. समासात कुणी टाके मोजून आकडे लिहिले असतील, तर तशी प्रत मी कोऱ्या प्रतीपेक्षा आधी उचलते. कुणीतरी ते खरंच करून पाहिलेलं असतं. नमुन्यावर टाचणी मात्र कधी टोचू नका, झेरॉक्स काढा. झेरॉक्सवर पट्टी धरून अंतरं मूळ नमुन्याशी ताडून बघा, कारण यंत्र कधी कधी थोडं लहान-मोठं करतं.

२०१९ च्या पुरानंतर सांगलीत ओली पुस्तकं फार पाहिली. ओलं पुस्तक उन्हात ठेवू नका, पानं वाकडी होतात. थोड्या थोड्या पानांनंतर टिपकागद घालून पंख्याखाली ठेवा, कागद बदलत राहा. गुळगुळीत कागदाची पानं ओली असतानाच अलगद सुटी करा. एकदा चिकटून वाळली, की सुटत नाहीत. वाळलेल्या पुस्तकांत वेखंडाची पुरचुंडी ठेवा आणि पावसाळ्यात कपाट अधूनमधून उघडून कसर लागली आहे का ते बघा.