खाडीच्या कामासाठी सरकारी अनुदान मागताय? या चुका टाळा

खाडी वाचवायचे आणि अभ्यासायचे प्रस्ताव माझ्याकडे तपासायला येतात, बहुतेक वेळा शेवटच्या तारखेच्या आदल्या दिवशी. लिहिणारा ओहोटीला चिखलात उतरलाय की नाही, हे दुसऱ्या पानापर्यंत कळतं.

सगळ्यात डोक्यात जाणारी चूक म्हणजे 'रिकाम्या जागेवर कांदळवन (खारफुटी) लागवड'. ओहोटीला उघडा पडणारा चिखल रिकामा नसतो. निवट्या मासे, खेकडे, तिसऱ्या (शिंपले) आणि हिवाळ्यात येणारे तुतवार पक्षी यांचं पोट त्यावरच चालतं. रत्नागिरीकडच्या एका खाडीत एका संस्थेनं अशाच पट्ट्यात कांदळाची रोपं ओळीनं रोवली. तिसऱ्या काढायला येणाऱ्या बायकांनी पहिल्याच दिवशी सांगितलं, "हितं तिवर यायचं असतं तर आपसूक आलं असतं." ऐकतो कोण? मंजुरीपत्रात रोपांचा आकडा होता आणि तो मार्चच्या आत गाठायचा होता. पावसाळ्यात बहुतेक रोपं उखडून गेली. पुढच्या हप्त्याआधी तपासणीला साहेब आले तेव्हा बांबूला बांधलेला योजनेचा फलक तेवढा शाबूत होता. हप्ता अडकला तो अडकलाच.

2023 च्या अर्थसंकल्पात कांदळवनांसाठी 'मिष्टी' योजना जाहीर झाल्यापासून हा उत्साह आणखी वाढलाय. मी जागा एकदा उधाणाला (मोठ्या भरतीला) आणि एकदा भांगेला (लहान भरतीला) बघतो. पाणी किती वेळ उभं राहतं आणि आसपास आपोआप रुजलेली रोपं आहेत का, एवढंच. ती नसतील तर लागवडीचा विषय बंद. भरावानं पाणी अडलं असेल तर ते मोकळं करायला पैसे मागावेत. फोटो चांगले येत नाहीत, पण काम होतं.

दुसरं दुखणं हिशेबाचं. केंद्राच्या अनुदानाला उपयोगिता प्रमाणपत्र, म्हणजे पैसे ठरल्या कामावर खर्च झाल्याचा दाखला, 'जीएफआर 12-ए' (केंद्राच्या सामान्य वित्तीय नियमांतल्या) नमुन्यात द्यावं लागतं. लोक संस्थेच्या करसवलतीचं, आयकराचं 12-ए नोंदणीपत्र जोडून मोकळे होतात! शिवाय अनुदानावर मिळालेलं व्याज आपलं नसतं, ते सरकारला परत भरायचं असतं.

आणि होडीभाडं. नाखवा जीएसटीचं बिल कुठून देणार? मग वर्षाअखेरीस कोऱ्या पावत्यांवर सह्या गोळा करत फिरायचं. मी काम सुरू होण्याआधीच मच्छीमार सोसायटीकडून दिवसाचा दर लेखी घेतो, पैसे नाखव्याच्या खात्यावर टाकतो आणि पावती त्याच दिवशी धक्क्यावर करून घेतो. तारीख, वेळ, कुठून कुठे. पाच हजारांच्या वर असेल तर रुपयाचं रेव्हेन्यू तिकीट. "सर, एवढं कशाला?" म्हणणारे नवशिके पुढे लेखापरीक्षकाच्या शेऱ्यांना उत्तरं लिहीत बसलेले दिसतात.

बाकीच्या चुका थोडक्यात.

ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्यासारख्या जागी नमुने घ्यायचे तर वन विभागाच्या परवानगीचा अर्ज प्रस्तावाबरोबरच टाका. पैसे मंजूर झाल्यावर टाकलात तर पक्षी येऊन गेलेले असतात.

पावसाळा वगळून आखलेला अभ्यास मी परत पाठवतो. नदीचं गोडं पाणी उतरून खाडीचा खारटपणा सगळ्यात जास्त बदलतो तेव्हाच तुम्ही घरी बसणार?

वन विभागाच्या कांदळवन कक्षाची उपजीविका योजना खेकडापालन, कालवंपालन अशा कामांसाठी आहे, तुमच्या पीएचडीसाठी नाही. त्यात गटाला 90 टक्के आणि एकट्याला 75 टक्के अनुदान मिळतं. उरलेले पैसे कोण घालणार, हे गावच्या बैठकीत ठरवून घ्या.

जागेचा सातबारा आधी काढा.

आणि दुसऱ्या राज्यातला प्रस्ताव उचलून नावं बदलत असाल तर निदान शेवटपर्यंत वाचा. सिंधुदुर्गातल्या एका खाडीच्या प्रस्तावात मी मधमाश्यांच्या पेट्या, सुंदरबनातली सुंदरीची झाडं आणि वाघापासून संरक्षणाची तरतूदही वाचलेली आहे.