बर्मिंगहॅमहून रेल्वेने सहकुटुंब लंडन: नव्याने आलेल्यांसाठी

बर्मिंगहॅम किंवा सॉलिहलमध्ये बिऱ्हाड लागले, मुलांच्या शाळा सुरू झाल्या आणि भारतातून आईवडील राहायला आले की लंडनला जाऊन येण्याचा विषय घरात निघतोच. गाडी घेऊन जाण्याचा मोह शक्यतो टाळावा, कारण मध्य लंडनमध्ये वाहन नेण्याचा वेगळा आकार शनिवार-रविवारी दुपारीही भरावा लागतो आणि पार्किंगसाठी मोजावे लागणारे पैसे वेगळेच. रेल्वे सोयीची आहे, मात्र तिचे तिकीट समजून घेऊन काढावे लागते.

भारतात आरक्षणाचे तिकीट म्हटले की गाडी, डबा आणि जागा एकदमच ठरतात. इथे बहुतेक तिकिटांचा जागेशी संबंध नसतो. संबंध असतो तो वेळेशी आणि कंपनीशी. बर्मिंगहॅमहून लंडनला तीन कंपन्यांच्या गाड्या जातात. बर्मिंगहॅमच्या न्यू स्ट्रीट स्थानकातून लंडनच्या यूस्टन स्थानकाला जाणारी अवांती सुमारे एक तास वीस मिनिटांत पोहोचवते आणि तिचेच तिकीट सहसा सर्वांत महाग असते. लंडन नॉर्थवेस्टर्नची गाडी त्याच मार्गाने, पण थांबत थांबत, दोन तासांहून अधिक वेळ घेते. बर्मिंगहॅमच्याच मूर स्ट्रीटहून लंडनच्या मॅरिलबोनला जाणाऱ्या चिल्टर्नच्या गाडीला दोन तासांच्या आतबाहेर लागतात. लहान मुले आणि वयस्कर माणसे बरोबर असतील तर मी चिल्टर्नच सुचवीन, कारण तिच्या बऱ्याच गाड्या मूर स्ट्रीटलाच सुरू होत असल्याने वेळेवर गेल्यास सर्वांना जवळजवळ बसता येते, आणि मॅरिलबोन हे लहान, गोंधळ नसलेले स्थानक आहे. यूस्टनला परतीच्या गाडीचा फलाट अगदी थोडा वेळ आधी जाहीर होतो आणि सगळी गर्दी एकदम तिकडे धावते. आजीला हाताला धरून त्या लोंढ्यात शिरणे जिकिरीचे असते. फक्त एक पथ्य पाळावे. चिल्टर्नचा मार्ग वेम्बली स्टेडियमवरून जातो, त्यामुळे तिथे सामना किंवा मोठा संगीताचा कार्यक्रम असेल त्या दिवशी या गाड्यांत पाय ठेवायला जागा नसते. तारीख ठरवण्यापूर्वी स्टेडियमचा कार्यक्रम पाहून घ्यावा.

तिकिटाआधी ‘फॅमिली अँड फ्रेंड्स रेलकार्ड’ हे भाड्यात सवलत देणारे कार्ड घ्यावे. सध्या ते वर्षाला ३५ पौंडांना मिळते. त्यावर चार प्रौढ आणि पाच ते पंधरा वर्षांची चार मुले एकत्र प्रवास करू शकतात. प्रौढांना एकतृतीयांश आणि मुलांना साठ टक्के सूट मिळते. बरोबरचे प्रौढ नात्यातलेच असावेत अशी अट नाही, त्यामुळे पाहुणे आलेले आईवडील त्याच कार्डावर बसतात आणि अशा एखाद्या प्रवासातच कार्डाची किंमत बहुधा वसूल होते. पाच वर्षांखालच्या मुलांना तिकीट लागत नाही. सवलतीच्या तिकिटाबरोबर कार्ड दाखवता आले पाहिजे आणि कार्डावर ज्याचे नाव आहे तो प्रवासात असला पाहिजे. ते नाव बाबांचे आणि बाबा ऐनवेळी ऑफिसच्या कामात अडकलेले, असे झाले तर सूट गेली. म्हणून कार्डावर आईबाबा दोघांची नावे घालून घ्यावीत.

आता तिकिटाचा प्रकार. ‘अ‍ॅडव्हान्स’ तिकीट स्वस्त असते, पण ते ठरलेल्या गाडीपुरतेच चालते आणि ती गाडी चुकली तर ते वाया जाते. ‘ऑफ-पीक रिटर्न’, म्हणजे गर्दीच्या वेळा सोडून चालणारे जाण्यायेण्याचे तिकीट, थोडे महाग पडले तरी परतीची गाडी त्या दिवशी मनाप्रमाणे निवडता येते, आणि पाच वाजता मूल रडायला लागले की या मोकळिकीची किंमत कळते. जाताना अ‍ॅडव्हान्स आणि येताना ऑफ-पीक अशी मिसळ करावी असे वाटते खरे, परंतु कित्येक मार्गांवर ऑफ-पीकचे एकेरी आणि परतीचे तिकीट यांच्या किमतीत नगण्य फरक असल्याने ती परवडत नाही. तिकिटावर एखाद्याच कंपनीचे नाव छापलेले असेल तर दुसऱ्या कंपनीच्या गाडीत चढू नये. योग्य तिकिटाविना प्रवास केल्यास १०० पौंड दंड आणि वर एकेरी भाडे लागू शकते. २१ दिवसांत भरल्यास दंडाची रक्कम निम्मी होते.

वार शनिवारच बरा. आठवड्याच्या दिवशी ऑफ-पीक तिकिटावर सकाळच्या गाड्या चालत नाहीत, आणि रविवारी रुळांची कामे काढलेली असली तर वाटेत उतरवून बसने पुढे नेतात. मात्र बकिंगहॅम राजवाड्यासमोरचा पहारेबदल सहसा सोमवार, बुधवार, शुक्रवार आणि रविवारी सकाळी अकराला होतो, त्यामुळे शनिवारी जाणाऱ्यांनी त्याची आशा धरू नये. माझ्या मते त्यात फारसे बिघडतही नाही, कारण गर्दीत मुलांना पुढच्यांच्या पाठीच दिसतात.

लंडनमध्ये उतरल्यावर वेगळे तिकीट काढत बसण्याची गरज नाही. प्रत्येक प्रौढाने स्वतःचे बँकेचे कार्ड भुयारी रेल्वेच्या फाटकावर जाताना आणि बाहेर पडताना टेकवावे. दिवसभराच्या भाड्याला कमाल मर्यादा असते. कार्ड आणि त्याच खात्याचा फोन ही यंत्राच्या लेखी दोन निरनिराळी साधने आहेत, म्हणून सकाळी जे टेकवले तेच दिवसभर वापरावे. अकरा वर्षांखालची चारपर्यंत मुले प्रौढाबरोबर मोफत जातात. त्यांना रुंद फाटकातून न्यावे. अकरा ते पंधरा वर्षांच्या मुलांसाठी ऑइस्टर कार्ड (लंडनमधल्या प्रवासाचे, पैसे भरून वापरायचे कार्ड) घेऊन स्थानकावरील कर्मचाऱ्याकडून त्यावर ‘यंग व्हिजिटर’ सवलत चढवून घ्यावी, म्हणजे भाडे निम्मे होते.

एका दिवसात लंडन उरकण्याचा बेत करू नये. चारधाम केल्यासारखे बिग बेन, टॉवर ब्रिज, राजवाडा आणि संग्रहालय असे सगळे गाठू गेल्यास दिवस भुयारातच जातो. सकाळी एक आणि दुपारी एक, एवढीच ठिकाणे ठरवावीत. मुलांसाठी साउथ केन्सिंग्टनचे नॅचरल हिस्टरी म्युझियम आणि शेजारचे सायन्स म्युझियम ही जोडी उत्तम आहे. दोन्हीकडे प्रवेश मोफत असला तरी वेळेचे मोफत तिकीट आधी काढून ठेवावे, नाहीतर शाळांच्या सुटीत बाहेर लांबच लांब रांग लागते. साउथ केन्सिंग्टनच्या खोल फलाटांपासून वर येण्यासाठी लिफ्ट नाही, त्यामुळे बाबागाडी किंवा दुखरे गुडघे असतील तर बसने जावे. दुपारी हवा चांगली असेल तर एक्झिबिशन रोडने हाइड पार्कपर्यंत चालत जाऊन तिथेच पुऱ्या-बटाट्याचा डबा उघडावा.

यूस्टनला उतरणाऱ्यांसाठी, विशेषतः आईवडील बरोबर असतील तर, आणखी एक ठिकाण सुचवतो. नॉर्दर्न लाइनने तीन स्थानके पुढे चॉक फार्म आहे. तिथून थोडे चालले की १०, किंग हेन्रीज रोड हे घर लागते. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये शिकत असताना डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९२१-२२ मध्ये तिथे राहत होते, आणि २०१५ मध्ये महाराष्ट्र शासनाने ते विकत घेऊन स्मारक केले. उघडे असण्याच्या वेळा निघण्यापूर्वी पाहून घ्याव्यात. प्रिम्रोझ हिलची टेकडी तिथून जवळच आहे आणि तिच्या माथ्यावरून निम्मे लंडन फुकटात दिसते.

परतीची शेवटची गाडी कधीही धरू नये. तिच्या आधी किमान दोन गाड्या असतील अशा बेताने निघावे. फोनवरच्या तिकिटांत प्रत्येकाचा बारकोड वेगळा असतो, म्हणून बॅटरी पुरेल एवढी राखून ठेवावी. गाडी उशिरा पोहोचली तर भाड्याचा काही भाग परत मिळतो. कंपनीनुसार १५ किंवा ३० मिनिटांच्या उशिरापासून हा हक्क लागू होतो. त्यासाठी २८ दिवसांच्या आत कंपनीच्या संकेतस्थळावर अर्ज करावा लागतो, तेव्हा तोवर तिकिटे फोनमधून पुसू नयेत.