−४० ते ८५ अंशांत डॅक किती चुकेल: हिशेबाची तयारी

आधी तापमानाचा पल्ला ठरवा, आणि तो बाहेरच्या हवेचा नव्हे, डब्याच्या आतला. पॉवर सप्लायशेजारी बसलेली चिप हवेपेक्षा बरीच गरम असते. इथे −४० ते ८५ अंश सेल्सिअस, १६ बिटांचा डॅक (डिजिटल आकड्याचं व्होल्टेज करणारी चिप) आणि ५ व्होल्टचा रेफरन्स (डॅकचं आउटपुट ज्याच्या आधारावर ठरतं ते स्थिर व्होल्टेज) धरू. एक एलएसबी, म्हणजे आउटपुटची सर्वांत लहान पायरी, ७६.३ मायक्रोव्होल्टचा, म्हणजे पूर्ण पल्ल्याच्या १५.२६ पीपीएम (दहा लाखांतले भाग). डेटाशीटमध्ये एक चूक मिलिव्होल्टमध्ये असते, दुसरी टक्क्यांत, तिसरी एलएसबीत. म्हणून सगळं आधी पीपीएमवर आणा. आकडे ‘टिपिकल’ रकान्यातले घेऊ नका, ‘मॅक्स’मधले घ्या.

२५ अंशांवर दोन बिंदूंचं कॅलिब्रेशन होणार असेल तर ऑफसेट (सगळं आउटपुट सारखंच वर-खाली सरकणं) आणि गेन (आउटपुटच्या रेषेचा उतार) यांच्या सुरुवातीच्या चुका यादीतून खोडा. खालचा बिंदू शून्य कोडवर घेऊ नका: एकाच सप्लायवरचा आउटपुट अँप्लिफायर ग्राउंडच्या खाली जात नाही, त्यामुळे ऋण ऑफसेट तिथे दिसतच नाही.

कॅलिब्रेशननंतरही ड्रिफ्ट (तापमानाबरोबर होणारी सरक) आणि आयएनएल (आउटपुट सरळ रेषेपासून किती ढळतं ते) उरतात. २५ पासून लांबचं टोक −४०, म्हणजे ६५ अंश दूर आहे. गेन ड्रिफ्ट अंशाला १ पीपीएम असेल तर ६५ पीपीएम. ऑफसेट ड्रिफ्ट अंशाला २ मायक्रोव्होल्ट असेल तर १३० मायक्रोव्होल्ट, म्हणजे २६ पीपीएम. ४ एलएसबी आयएनएलचे ६१.

खरा घोळ रेफरन्समध्ये होतो. त्याचा ‘५ पीपीएम प्रति अंश’ बहुधा बॉक्स पद्धतीने काढलेला असतो: पूर्ण पल्ल्यातल्या सर्वांत जास्त आणि सर्वांत कमी व्होल्टेजमधला फरक भागिले १२५ अंश. हा वक्राचा उतार नाही, म्हणून ६५ ने गुणणं चूक. गुणा १२५ ने: ६२५ पीपीएम.

या चार आकड्यांची सरळ बेरीज ७७७ पीपीएम, म्हणजे सुमारे ३.९ मिलिव्होल्ट. वर्गांच्या बेरजेचं वर्गमूळ ६३२ पीपीएम, ३.१६ मिलिव्होल्ट. चुका एकमेकींपासून स्वतंत्र असतील तरच दुसरा आकडा वापरा. सुरक्षेशी संबंधित आउटपुटला पहिलाच. अंशाला २ पीपीएमचा रेफरन्स लावला तर ६३२ चे थेट २६७ होतात, तेव्हा पैसे आधी तिथे घाला.

डॅकनंतर दुप्पट गेनचा नॉन-इन्व्हर्टिंग अँप्लिफायर असेल तर रेझिस्टरही मोजा. अंशाला २५ पीपीएमचे दोन सुटे रेझिस्टर उलट दिशांना सरकले, तर ६५ अंशांत गेन १६२५ पीपीएमने हलतो. वरची सगळी काटकसर वाया जाते. एकाच पॅकेजमधलं जुळवलेलं नेटवर्क घ्या आणि त्याचा ट्रॅकिंगचा आकडा (त्यातले रेझिस्टर एकमेकांच्या तुलनेत किती सरकतात तो) यादीत लिहा. सोल्डरिंगमुळे रेफरन्स सरकतो, म्हणून कॅलिब्रेशन बोर्ड जोडून झाल्यावरच करा.