लूप संपल्यावर पॉइंटर कुठे असतो? कर्नल ड्रायव्हर दुरुस्तीचा माझा अनुभव

रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरात आमचं भरती-ओहोटी मोजणारं यंत्र आहे. आत लिनक्स आणि सेन्सरसाठी एक जुना कर्नल ड्रायव्हर, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यात (कर्नलमध्ये) चालणारा, सेन्सरशी बोलणारा कोड. खाऱ्या हवेनं केबलचा जोड गंजून सेन्सर तुटला की अख्खा कर्नलच कोसळायचा.

दोष निघाला तो सेन्सरची यादी एकेक करून फिरणाऱ्या लूपमध्ये. कर्नलमधली यादी वर्तुळाकार असते. शेवटचा दुवा पुन्हा शीर्षाकडे येतो. त्यामुळे 'लिस्ट फॉर ईच एंट्री' या यादी फिरणाऱ्या लूपला हवा तो सेन्सर सापडला नाही, तर लूपनंतर फिरता पॉइंटर (चालू नोंदीचा पत्ता धरणारा) नल, म्हणजे रिकामा, नसतो. शीर्षाच्या पत्त्यातून ऑफसेट (नोंदीच्या आत दुवा जितका पुढे असतो ते अंतर) वजा होऊन तो भलत्याच जागी बोट दाखवतो. ड्रायव्हर मात्र नंतर 'नल आहे का' एवढंच बघत होता, आणि ते कधीच खरं ठरत नाही!

मी 'सापडला' नावाचा वेगळा पॉइंटर घेतला. सुरुवातीला नल, सेन्सर जुळला की त्यात ठेवून ब्रेक. फिरत्या पॉइंटरला लूपबाहेर हात लावायचा नाही. याच प्रश्नाच्या चर्चेतून 2022 मध्ये, 5.18 आवृत्तीपासून, लिनक्स सी भाषेचं जुनं मानक सी89 सोडून सी11 वर आला; त्यात फिरता पॉइंटर लूपच्या आतच घोषित करता येतो. मला तो निर्णय फार मोलाचा वाटतो.

फिरता फिरता दुवा काढायचा असेल तर याच लूपची 'सेफ' आवृत्ती वापरा. ती पुढचा दुवा आधीच धरून ठेवते, पण दुसऱ्या सीपीयूपासून वाचवत नाही. लॉक (एका वेळी एकालाच यादीला हात लावू देणारं कुलूप) लागतोच.

असे लूप हाताने शोधत बसू नका. कर्नलच्या सोर्समध्येच त्यासाठी कॉक्सिनेलची (सी कोडमधले ठराविक नमुने शोधणाऱ्या साधनाची) स्क्रिप्ट आहे, 'इटरेटर्स' फोल्डरमध्ये.