संस्कृत बोलायचंय? मग मराठीचा हात धरा

शाळेत संस्कृत घेतलेली माणसं माझ्या संभाषणवर्गात येतात, 'देवः देवौ देवाः' धडाधड म्हणतात आणि 'पाणी द्या' म्हणायची वेळ आली की गप्प बसतात. पाठांतराचा दोष नाही, तोंडाला सवय नसते. म्हणून सुरुवातीला मी वही उघडूच देत नाही.

वस्तू हातात घ्या आणि मोठ्याने म्हणा: एषः चषकः। एषा कूपी। एतत् पुस्तकम्। हा पेला, ही बाटली, हे पुस्तक. हिंदीभाषकाला नपुंसकलिंग नव्याने शिकावं लागतं, आपल्या तोंडात ते आहेच. मात्र प्रत्येक शब्दाचं लिंग मराठीवरून ठरवू नका. मित्र आपल्याकडे 'तो', संस्कृतात 'मित्रम्' नपुंसक.

समोरच्याशी बोलताना 'त्वम्' म्हणजे 'तू' सध्या बाजूला ठेवा. पुरुषाला भवान्, बाईला भवती म्हणा, म्हणजे 'तो', 'ती'ला लागणारंच क्रियापद चालतं: भवान् उपविशतु (बसा), भवती वदतु (बोला). द्विवचनाची धास्ती वाटत असेल तर 'पुस्तकद्वयम् अस्ति' म्हणा. दोन पुस्तकं झाली आणि क्रियापद एकवचनीच राहिलं.

आता माझा सगळ्यात आवडता भाग, भूतकाळ. ही वाक्यं शेजारी शेजारी ठेवून वाचा. मी ग्रंथ वाचला: मया ग्रन्थः पठितः। मी कथा वाचली: मया कथा पठिता। मी पत्र वाचलं: मया पत्रं पठितम्। वाचला, वाचली, वाचलं. पठितः, पठिता, पठितम्. कर्म बदललं की क्रियापद बदलतं, दोन्हीकडे अगदी तसंच. 'त्याने पत्र लिहिलं' म्हणजे 'तेन पत्रं लिखितम्'. आणि कर्मच नसेल तर? मी गेलो: अहं गतः। मी गेले: अहं गता। परीक्षेत ज्या कर्मणि प्रयोगाने घाम फोडला, तो आपण रोज सकाळपासून रात्रीपर्यंत मराठीत वापरतो. एवढी तयारी घरातच असताना मराठी माणसाने संस्कृत अवघड म्हणून सोडून द्यावं, याचं मला खरंच वाईट वाटतं.

घड्याळाचंही तसंच. सव्वापाच म्हणजे सपादपञ्चवादनम्, साडेपाच म्हणजे सार्धपञ्चवादनम्, पावणेसहा म्हणजे पादोनषड्वादनम्. दिवसभरात घड्याळ बघाल तेव्हा वेळ मोठ्याने सांगा.

उच्चारात मात्र मराठी आडवी येते. आपण शब्दाच्या शेवटचा 'अ' गिळतो आणि 'मम'चं 'मम्' करतो. संस्कृतात तो पूर्ण म्हणायचा. 'चमसः' (चमचा) मधला च 'चंद्र'मधला, 'चमचा'मधला नव्हे. विसर्गाला आधीच्या स्वराचा हलका पडसाद द्या: रामः 'रामह', हरिः 'हरिहि'.

सरावासाठी मला स्वयंपाकघरासारखी जागा दिसत नाही, कारण तिथे तीच तीच वाक्यं रोज लागतात. लवणं ददातु (मीठ द्या)। जलम् आवश्यकम् (पाणी हवंय)। वाढणाऱ्याला थांबवायला पर्याप्तम्, नको असेल तर मास्तु. प्रश्नांसाठी सात शब्द पुरतात: किम् (काय), कुत्र (कुठे), कति (किती), कदा (केव्हा), कुतः (कुठून), कथम् (कसं), किमर्थम् (कशासाठी). शब्द अडला तर थांबू नका. 'झारा कुत्र अस्ति?' असं खुशाल विचारा, झाऱ्याचा संस्कृत शब्द मागाहून शोधता येतो. आणि घरातलं कोणी बोलताना चुकलं तर वाक्य मध्येच तोडू नका. तेच वाक्य आपण बरोबर करून उत्तरात म्हणा.

घरात कोणी जोडीला नसेल तर संस्कृत भारतीचं संभाषण शिबिर गाठा. १९८१ मध्ये बंगळूरला सुरू झालेल्या चळवळीतून ही संस्था उभी राहिली. त्यांच्या शिबिराचा नेहमीचा साचा १० दिवस, रोज २ तास असा आहे, आणि शिकवणं पहिल्या दिवसापासून संस्कृतातूनच. कान तयार व्हायला आकाशवाणीच्या संस्कृत बातम्या ऐका, त्या १९७४ पासून चालू आहेत. आधी नुसतं 'अस्ति' (आहे), 'उक्तवान्' (म्हणाला), 'भविष्यति' (होईल) एवढंच पकडा.

रूपांची कोष्टकं उघडायची ती यानंतर, आणि तीही लागतील तशी. आधी सप्तमी घ्या, कारण 'घरी', 'दारी' म्हणणाऱ्याला 'गृहे', 'द्वारे' लगेच जमतं. मग 'मया', 'तेन'साठी तृतीया, मग षष्ठी. द्विवचनाचा रकाना सगळ्यात शेवटी.